जहाजाची अग्निपरीक्षा कागदावर

भर समुद्रात जहाजाला आग लागल्यास अग्निशमन दलाचा बंब तेथे पोहोचू शकत नाही. खलाशांनाच जवान व्हावे लागते. त्यामुळे जहाजाची अग्निपरीक्षा ते पाण्यात उतरण्यापूर्वी, आराखड्यावरच घेतली जाते. तिच्यातील मुख्य प्रश्न एकच : माणसे सुरक्षित बाहेर पडेपर्यंत जहाज आगीला किती मिनिटे रोखून धरेल?

'टायटॅनिक' बुडाल्यानंतर १९१४ मध्ये सागरी जीवितसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. 'सोलास' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कराराची आजची आवृत्ती १९७४ ची आहे. त्यातील आगीविषयीचे प्रकरण नव्याने लिहिले गेले आणि १ जुलै २००२ पासून लागू झाले. मुंबईस्थित इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगसारख्या वर्गीकरण संस्था या नियमांच्या कसोटीवर आराखडे तपासतात.

आगीला कुंपण

प्रवासी जहाजाची लांबी पोलादी भिंतींनी साधारणतः ४० मीटरच्या उभ्या विभागांत वाटली जाते, जेणेकरून एका विभागातील आग दुसऱ्यात जाऊ नये. 'ए-६०' दर्जाची भिंत भट्टीत तपासतात. तासाभरात भट्टीचे तापमान ९४५ अंश सेल्सियसपर्यंत चढते; तरीही भिंतीच्या दुसऱ्या बाजूची सरासरी तापमानवाढ १४० अंशांपेक्षा अधिक होता कामा नये.

धुराचा धडा

केवळ पोलाद मात्र पुरेसे नसते. ७ एप्रिल १९९० रोजी ओस्लोहून डेन्मार्ककडे निघालेल्या 'स्कँडिनेव्हियन स्टार' या जहाजावरील आगीत १५९ जणांचा बळी गेला. त्यांतील बहुतेकांचा घास ज्वालांनी नव्हे, धुराने घेतला. मार्गिकांच्या भिंतींवरील लॅमिनेट जळून त्यातून विषारी वायू पसरले होते. या दुर्घटनेनंतर जुन्या प्रवासी जहाजांसाठीही नियम कडक झाले.

मिनिटांचे गणित

मोठ्या पर्यटन जहाजांवरील प्रशस्त दालने ठरावीक मापांच्या चौकटीत बसत नाहीत. अशा वेळी २००२ च्या नियमांनी पर्यायी मार्ग खुला केला. आग कोठे लागू शकेल, ती किती वेगाने वाढेल, धूर कोठवर उतरेल याचा अभियंत्यांनी हिशेब मांडायचा आणि नियमांइतकीच सुरक्षितता सिद्ध करायची. १ जानेवारी २०२० पासून नव्या प्रवासी जहाजांना सुटकेच्या वेळेचे विश्लेषणही सक्तीचे झाले आहे. तीनपेक्षा अधिक उभे विभाग असल्यास ही मर्यादा ८० मिनिटांची, अन्यथा ६० मिनिटांची असते.

मालाचा प्रश्न

मालवाहू जहाजांत खरा धोका असतो तो मालाचा. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर दारूगोळा आणि कापसाच्या गाठी एकत्र होत्या. आग लागून झालेल्या स्फोटांनी शेकडो बळी घेतले. त्यांत अग्निशमन दलाचे अनेक जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

आज कंटेनरमध्ये काय आहे याची माहिती प्रेषकाच्या घोषणापत्रावरच अवलंबून असते. जून २०२५ मध्ये केरळनजीकच्या समुद्रात पेटलेले 'वान हाय ५०३' हे कंटेनर जहाज अनेक दिवस धुमसत होते. भिंतीची चाचणी भट्टीत घेता येते. बंद कंटेनरमधील खोटी घोषणा मात्र कोणत्याही आराखड्यावर दिसत नाही.