कॅसेटमधले जुने कॉम्प्युटर गेम्स वाचवतंय कोण?

कर्कश किरकिर, टीव्हीच्या कडेला धावणारे रंगीत पट्टे आणि चार-पाच मिनिटांची वाट. १९८०च्या दशकात ब्रिटनमधल्या लाखो घरांत कॉम्प्युटर गेम असाच सुरू व्हायचा. मध्येच 'आर टेप लोडिंग एरर' असा मेसेज आला, तर कॅसेट मागे घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

हा कॉम्प्युटर म्हणजे झेडएक्स स्पेक्ट्रम. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने तो एप्रिल १९८२मध्ये आणला. किंमत १२५ पौंडांपासून. स्क्रीन म्हणून घरचा टीव्ही आणि प्रोग्राम साठवायला साधा कॅसेट प्लेअर. भारतातही १९८६मध्ये डेसिबल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' विकायला आणला होता. त्याच वर्षी अ‍ॅमस्ट्रॅडने सिंक्लेअरचा कॉम्प्युटर व्यवसाय विकत घेतला. पुढे मशीन बाजारातून गेलं, अनेक गेम कंपन्या बंद पडल्या आणि हजारो प्रोग्राम उरले ते फक्त लोकांच्या माळ्यावरच्या कॅसेटींमध्ये.

ते वाचले मुख्यतः हौशी लोकांमुळे. नेदरलँड्सच्या मार्टिन व्हॅन डर हाइड यांनी १९९५मध्ये 'वर्ल्ड ऑफ स्पेक्ट्रम' हा ऑनलाइन संग्रह सुरू केला. पण एका संग्रहावर सगळी भिस्त ठेवणं धोक्याचं. म्हणून नंतर 'झेडएक्सडीबी' हा खुला डेटाबेस उभा राहिला. तो कुणीही डाउनलोड करून स्वतःकडे ठेवू शकतं.

आवाजातून प्रोग्राम कसा काढतात?

कॅसेटवरची ती किरकिर म्हणजेच प्रोग्राम. स्पेक्ट्रमच्या नेहमीच्या पद्धतीत '१'चा ध्वनी '०'पेक्षा दुप्पट लांब असतो. त्यामुळे रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर घेऊन प्रत्येक ध्वनीची लांबी मोजली की मूळ डेटा मिळतो. प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी एक तपासणीचा बाइट असतो. हिशोब जुळला नाही, तर काहीतरी चुकलंय हे लगेच कळतं. मग प्लेअरच्या हेडचा कोन स्क्रूने किंचित फिरवून पुन्हा प्रयत्न, किंवा त्याच गेमची दुसरी कॅसेट शोधणं.

नुसता डेटा मात्र पुरत नाही. कॉपी रोखण्यासाठी बऱ्याच कंपन्या मुद्दाम वेगळ्या वेगाने, वेगळ्या रचनेत रेकॉर्डिंग करायच्या. ते जसंच्या तसं टिकवण्यासाठी 'टीझेडएक्स' हा फाइल फॉरमॅट तयार झाला. त्यात बिट्सबरोबर ध्वनींचं टायमिंगही साठवता येतं.

आणि मग येतो कागद. १९८४चा 'जेट सेट विली' सुरू होताना कॅसेटसोबतच्या रंगीत चौकटींच्या कार्डावरून कोड विचारायचा. रंगीत झेरॉक्स तेव्हा सहज मिळत नव्हती, म्हणून ही युक्ती. आज फाइल शाबूत असेल पण कार्ड हरवलं असेल, तर मूळ गेम दारातच अडकतो. म्हणून कव्हर, माहितीपत्रक, जाहिराती असं सगळं स्कॅन केलं जातं. लेखक कोण, प्रकाशक कोण, ही पहिली आवृत्ती की नंतरची स्वस्तातली, याची उत्तरंही बहुतेक तिथेच सापडतात. खरी मेहनत याच भागात आहे. जाहिरात छापून आलेली, पण कॅसेट कुणालाच न सापडलेली, अशा प्रोग्रामांनाही यादीत जागा आहे. त्यांच्यापुढे शेरा असतो 'एमआयए', म्हणजे बेपत्ता.

हे सगळं कायदेशीर आहे का?

काही अंशी. स्पेक्ट्रमच्या रॉममधला मूळ प्रोग्राम एम्युलेटरसोबत वाटायला अ‍ॅमस्ट्रॅडने १९९९मध्ये परवानगी दिली, कॉपीराइट स्वतःकडे ठेवून. गेम्सचे हक्क मात्र ज्याचे त्याचे. काही कंपन्यांनी वाटपाला नकार दिला. तिथे गेमची नोंद ठेवून फाइल काढून टाकण्यात आली. ब्रिटनमध्ये कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं चालतो. तोपर्यंत चुंबकीय टेप टिकेल, हा भरवसा कुणी देऊ शकत नाही.

तुमच्या घरी कुणाच्या ट्रंकेत अशी कॅसेट निघाली, तर आधी टेपवर बुरशी आहे का ते बघा. असेल तर ती प्लेअरमध्ये घालू नका. नसेल तर रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये घ्या. एमपीथ्री नको, कारण त्यात आवाजाचा काही भाग गाळला जातो. आणि आतल्या कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, पेनाने काही खरडलेलं असेल तर तेसुद्धा.