ओव्हनवरचा आकडा आला कुठून?

आपल्यातल्या कितीतरी गटांकडे आता विजेचे ओव्हन आलेत. नानकटाईचा एक ट्रे करपला की मैदा, तूप, साखर आणि सकाळपासूनची मेहनत पाण्यात. म्हणून आज आम्ही ओव्हनवरच्या आकड्याची गोष्ट सांगणार आहोत.

हा आकडा तसा अलीकडचा. युरोपात शेकडो वर्षं विटांच्या भट्ट्या होत्या. आत लाकडं पेटवायची, विटा तापल्या की निखारे ओढून काढायचे. कडक आचेवर आधी पाव, आच उतरली की केक, आणि शेवटच्या उबेवर फळं सुकवायची. आच बदलता येत नसे, म्हणून बायका पदार्थच बदलत! आच किती ते आत हात धरून ओळखायचं, नाहीतर चिमूटभर पीठ टाकून ते किती वेळात तांबूस होतं ते बघायचं. जुन्या इंग्रजी पाकपुस्तकांतही मंद, मध्यम, कडक भट्टी एवढंच लिहिलेलं असे. आपण ‘मंद आचेवर खरपूस भाजा’ म्हणतो, तसंच की.

१९२३ मध्ये इंग्लंडात गॅसच्या ओव्हनला ‘रेग्युलो’ नावाचं बटण आलं. ठरवलेली आच ते आपोआप राखायचं. तिथल्या पुस्तकांत मग आकडे आले. चार नंबर म्हणजे ३५० फॅरनहाइट, आपल्या ओव्हनवरचे साधारण १८० सेल्सिअस. कृतीत ३५० लिहिलंय आणि आपलं बटण २५० लाच संपतं, त्याचं कारण हे.

आता खरी अडचण. १८० वर वीस मिनिटं, तर २०० वर किती? इथे त्रैराशिक चालत नाही. पदार्थात ओल आहे तोवर आतली उष्णता शंभराच्या वर फारशी जात नाही आणि ती आत मुरायला वेळ घेतेच. वरची बाजू मात्र भराभर लाल होते. पातळ बिस्किटं २०० वर चार-पाच मिनिटं आधी तपासली की भागतं. जाड केक तसा केला तर वरून काळा, आत कच्चा. त्याला आच कमी आणि वेळ जास्त. काडी खुपसून कोरडी निघेपर्यंत ठेवायचा. नानकटाईला उलट फार मंद आच सोसत नाही, घट्ट होण्याआधीच तूप वितळून ती पसरते.

नव्या ओव्हनचा कुठला कोपरा जास्त तापतो हे बघायचं असेल, तर ट्रेभर पावाचे काप मांडून भाजा. जो आधी काळा पडेल, तो कोपरा लक्षात ठेवा आणि अर्ध्या वेळेला ट्रे फिरवा.