बीपी-शुगरची गोळी स्वस्तात कशी मिळते? जनऔषधी केंद्राची माहिती

घाटघर (ता. जुन्नर) : नाणेघाटाजवळच्या घाटघरहून औषधासाठी जुन्नरला जायचं म्हणजे गाडीभाडं जातं आणि दिवसाची मजुरीही बुडते. तापाची गोळी एकदाच लागते, बीपी-शुगरची मात्र कायमची. जेनेरिक औषधाचा खरा फायदा इथेच आहे.

गोळी काम करते ती आतल्या घटकामुळे, पाकिटावरच्या नावामुळे नाही. शुगरची मेटफॉर्मिन, बीपीची ॲम्लोडिपिन अनेक कंपन्या बनवतात. ब्रँडच्या जाहिरातीचा खर्च जनऔषधीच्या गोळीवर पडत नाही, म्हणून ती साधारण ५० ते ८० टक्के स्वस्त पडते. २००८ पासून ही केंद्र सरकारची योजना सुरू आहे. विक्रीला येण्याआधी औषधाची प्रयोगशाळेत तपासणी होते. स्वस्त म्हणून हलकं, असं नाही.

डॉक्टरांना चिठ्ठीवर घटकाचं नाव लिहायला सांगा. दुकानदाराला ब्रँड परस्पर बदलून देता येत नाही. जवळचं केंद्र आणि औषधाचा दर 'जनऔषधी सुगम' ॲपवर दिसतो. तरी निघण्याआधी फोन करून माल आहे का ते विचारावं, नाहीतर हेलपाटा. चिठ्ठीप्रमाणे महिन्याभराच्या गोळ्या एकदम आणल्या तरच भाडं परवडतं.

साध्या मेडिकलमध्येही एमआरपी ही जास्तीत जास्त किंमत असते. त्याहून कमीत देता येतं. विचारायला लाजू नये.

मात्र आधी सरकारी दवाखाना बघावा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. तिथे गोळी संपली असेल तरच केंद्र गाठावं.