अमेरिकेतील स्थानिक निवडणूक : अंगणातील पाटी आणि हाताने लिहिलेले पोस्टकार्ड

अमेरिकेतील निवडणूक म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे अध्यक्षपदाची लढत येते. प्रत्यक्षात त्या देशात मतदारांनी निवडून द्यावयाची पदे पाच लाखांच्या घरात असून, त्यांतील बहुसंख्य पदे शाळा मंडळ, नगर परिषद, काउंटी अशा स्थानिक संस्थांची असतात. या लढतींत मोठ्या सभा नसतात, दूरचित्रवाणीवरील जाहिरातींना पैसाही नसतो. उमेदवाराची मदार असते ती ओळखीपाळखीच्या स्वयंसेवकांवर आणि दोन साध्या साधनांवर : अंगणात रोवायची पाटी आणि हाताने लिहिलेले पोस्टकार्ड. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२० मध्ये मिशिगनच्या विधिमंडळावर आणि २०२२ मध्ये अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले. तेथील मराठी कुटुंबांनाही हे राजकारण आता परके राहिलेले नाही. म्हणूनच या कामाची रीत आणि त्याच्या मर्यादा समजून घेणे अगत्याचे आहे.

पाटी कोठे लावावी?

ही पाटी साधारणतः १८ बाय २४ इंचांची, पन्हळी प्लास्टिकची असते आणि तारेच्या चौकटीवर जमिनीत खोचली जाते. ती लावण्यापूर्वी घरमालकाची परवानगी घेणे हा पहिला नियम. रस्त्यालगतची पट्टी बहुधा सार्वजनिक मालकीची असते. तेथे रोवलेली पाटी पालिकेचे कर्मचारी उपटून नेऊ शकतात.

स्वतःच्या घराबाबत मात्र नागरिकाचा हक्क भक्कम आहे. मिसुरी राज्यातील लाडू या गावी मार्गारेट गिलिओ यांनी १९९० मध्ये आखाती युद्धाच्या विरोधात अंगणात फलक लावला. गावाच्या नियमांनी त्यास मनाई केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९४ मध्ये न्यायालयाने एकमताने गिलिओ यांच्या बाजूने निकाल दिला. हा निकाल सरकारी यंत्रणेला बांधील करतो, खासगी गृहसंस्थांना नव्हे. त्यामुळे वसाहतीचे नियम आणि त्या राज्याचा कायदा आधी पाहावा. मतदान केंद्राजवळ प्रचारसाहित्यास बंदी असते. टेनेसी राज्याची शंभर फुटांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये वैध ठरविली. हे अंतर राज्यागणिक बदलते.

पोस्टकार्डाची रीत

प्रचार कार्यालयाकडून मतदारांची नावे, पत्ते आणि मजकुराचा नमुना मिळतो. स्वयंसेवक घरी बसून सुवाच्य अक्षरात तो उतरवितो. साध्या तिकिटावर जाणारे कार्ड सहा इंच लांब व सव्वाचार इंच उंच यांहून मोठे असू नये. अन्यथा पत्राचा दर पडतो. पैसे वाचविण्यासाठी ही कार्डे स्वतःच घरोघरच्या टपालपेटीत टाकण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु टपालशुल्क न भरलेली वस्तू त्या पेटीत टाकणे हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे आणि १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा कायदा उचलून धरला. पत्रक द्यायचेच असेल तर ते दाराशी ठेवावे.

उमेदवाराच्या साहित्यावर खर्च कोणी केला, हे छापण्याचे बंधन बहुतेक राज्यांत असते. एकट्या नागरिकाच्या पत्रकाची गोष्ट निराळी. ओहायोतील मार्गारेट मॅकिंटायर यांनी १९८८ मध्ये शाळेच्या करवाढीविरुद्ध निनावी पत्रके वाटली, म्हणून त्यांना १०० डॉलर दंड झाला. १९९५ मध्ये न्यायालयाने तो रद्द ठरविला, तेव्हा त्या हयात नव्हत्या. आपल्याकडे १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातील कलम १२७-अ नुसार निवडणूक पत्रकावर मुद्रक व प्रकाशकाचे नाव-पत्ता छापावाच लागतो. दोन लोकशाहींनी एकाच प्रश्नाला दिलेली ही दोन उत्तरे आहेत.

उपयोग किती?

या साधनांचा परिणाम प्रयोगांनी मोजलेला आहे. पाट्यांविषयीच्या चार प्रयोगांचा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. उमेदवाराच्या मतांत सरासरी सुमारे १.७ टक्के बिंदूंची वाढ दिसली. न्यू हेवन शहरात १९९८ मध्ये झालेल्या प्रयोगात टपालाचा मतदानावरील प्रभाव अल्प, तर दारी जाऊन केलेल्या विनंतीचा बराच मोठा आढळला. मिशिगनमध्ये २००६ मध्ये मतदारांना त्यांचा व शेजाऱ्यांचा मतदानाचा इतिहास टपालाने कळविला गेला. तेव्हा मतदान २९.७ टक्क्यांवरून ३७.८ टक्क्यांवर गेले. मात्र शेजाऱ्यांपुढे उघडे पाडण्याची ही पद्धत लोकांना रुचत नाही आणि उमेदवाराच्या अंगाशी येऊ शकते. तात्पर्य, कार्ड लिहावे. पण सवड असेल तर दार ठोठावावे.

नागरिकत्व नसेल तर?

एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी येथे विशेष सावध राहावे. संघराज्याच्या नियमांनुसार ते विनामोबदला स्वयंसेवा करू शकतात. परंतु देणगी देणे, प्रचारासाठी खर्च करणे किंवा प्रचाराच्या निर्णयांत भाग घेणे त्यांना वर्ज्य आहे, मग निवडणूक शाळा मंडळाची का असेना. तात्पुरत्या व्हिसावर काम करणाऱ्या एका कॅनेडियन वकिलाला पदरमोड करून पत्रके छापावयाची व न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये वाटावयाची होती. त्याची याचिका २०११ मध्ये फेटाळली गेली आणि पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. तेव्हा अशा व्यक्तीने पोस्टकार्डे जरूर लिहावीत. कार्डांचा आणि तिकिटांचा खर्च मात्र उमेदवाराच्या कार्यालयास करू द्यावा. ग्रीनकार्डधारकांना संघराज्याच्या कायद्याने देणगीची मुभा आहे. तरीही राज्याचा नियम तपासावा. मतदार नोंदणीचा अर्ज समोर आल्यास आपण नागरिक असल्याचे चुकूनही नमूद करू नये. त्यामुळे पुढे नागरिकत्वच नव्हे, तर देशातील वास्तव्यही धोक्यात येऊ शकते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. व्हर्जिनियातील न्यूपोर्ट न्यूज येथे २०१७ मध्ये विधिमंडळाच्या एका जागेसाठी दोन्ही उमेदवारांना समसमान ११,६०८ मते पडली. जानेवारी २०१८ मध्ये भांड्यातून चिठ्ठी काढून निकाल लावण्यात आला आणि त्या चिठ्ठीने सभागृहातील बहुमतही ठरले. त्या मतदारसंघात एका पोस्टकार्डाने आणखी एक मतदार घराबाहेर पडला असता, तर चिठ्ठीची वेळच आली नसती.