अरबी रक्ताचा दम

१९५२ सालीं हेलसिंकी ऑलिंपिकमध्यें घोड्यावरून अडथळे ओलांडण्याच्या स्पर्धेचें वैयक्तिक सुवर्णपदक फ्रान्सच्या पिएर जोंकेर दोरिओला यानें मिळविलें. त्याचा ‘अली बाबा’ हा घोडा अँग्लो-अरब जातीचा. या जातीचें बीज एकोणिसाव्या शतकांत फ्रान्समध्येंच, पाँपादूरच्या अश्वशाळेंत पडलें. यूजेन गायो यानें मस्सूद व अस्लान हे पूर्वेकडील घोडे आणि तीन इंग्लिश घोड्या यांपासून ही पैदास उभी केली. इंग्लिश रक्तानें उंची व वेग दिला. अरबी रक्तानें काटकपणा व दम. २००४ सालीं इंग्लंडांत बॅडमिंटन येथें शिस्तबद्ध चाल, रानांतील दौड व उड्या या तिहेरी कसोटींत विजयी झालेला विल्यम फॉक्स-पिट याचा ‘टॅमरिलो’ हाहि अँग्लो-अरबच. केवळ उंची मोजून अरबी रक्त वगळणारा पैदासकार या दमालाहि मुकतो.