सरकारी की खाजगी? : एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

गेल्या आषाढातील गोष्ट. आपल्या ज्ञातीतील एक किराणा दुकानदार आपल्या कन्येसह सायंकाळी आमच्या घरी आले. मुलीने प्रवेश परीक्षेत चांगले गुण मिळविले होते आणि इंजिनिअरिंगच्या कॉलेजांचा पसंतीक्रम भरण्यास दोनच दिवस उरले होते. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचे कॉलेज मिळाले तर तेच घ्यावे लागते. म्हणून ते गृहस्थ काळजीत होते. "गुरुजी, सरकारी कॉलेज वर घालू की पुण्याचे खाजगी?" असे त्यांनी विचारले. आम्ही स्वतः मॅट्रिक. कॉलेजची पायरी विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही. तथापि इतिहास हा आमचा आवडीचा विषय असल्याने, या प्रश्नाचे मूळ शोधावे असे मनात आले. त्या वाचनातून जे हाती लागले ते ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. पहिली कित्येक दशके ते स्वतः शिकवीत नसे, केवळ परीक्षा घेई. कॉलेज सरकारी असो, मिशनऱ्यांचे असो वा एतद्देशीयांचे, आत जाण्याचा दरवाजा एकच, तो म्हणजे मॅट्रिक. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर १८६२ साली पदवीधर झाले ते याच चाळणीतून. चाळणी एक आणि खळी अनेक, ही आजच्या प्रवेशपद्धतीतली गोष्ट नवी नव्हे.

पुण्यात सरकारी विद्येचे घर म्हणजे डेक्कन कॉलेज. १८२१ साली विश्रामबाग वाड्यात निघालेल्या संस्कृत पाठशाळेचेच ते रूपांतर. १८६४ मध्ये त्यास डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले आणि १८६८ मध्ये ते येरवड्याच्या भव्य इमारतीत गेले. टिळक आणि आगरकर तेथेच शिकले. आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. घरची गरिबी इतकी की एकच सदरा रात्री धुऊन सकाळी अंगात घालावा, असे सांगतात. असा विद्यार्थी पदवीनंतर सरकारी नोकरीकडे वळता तर कोणी नावे ठेवली नसती. परंतु विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी टिळकांसह १८८० च्या आरंभी न्यू इंग्लिश स्कूल काढले, त्यात आगरकर सामील झाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले.

येथे थोडे थांबावेसे वाटते. फर्ग्युसन खाजगी होते, पण त्याचा अधिकउणा भार वाहिला कोणी? विद्यार्थ्यांच्या पालकांनी नव्हे, शिक्षकांनी. आजीव सदस्याने वीस वर्षे सेवा करावी आणि दरमहा सुमारे ७५ रुपयांवर संसार चालवावा, असा तो करार. सरकारी कॉलेजातील युरोपियन प्रोफेसरांचे वेतन याच्या कित्येक पटींनी अधिक असे. रँग्लर परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले आणि परत येऊन याच अल्प वेतनावर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. अर्थात तेथेही सर्व गोडीगुलाबी नव्हती. आजीव सदस्यांनी बाहेरची प्राप्ती करावी की न करावी, यावरून वाद झाले आणि टिळक १८९० साली बाहेर पडले. त्यागाचीही भांडणे होतात!

आणि सरकारी म्हणजे अढळ, असे जे आमचे वाडवडील मानीत, तेही इतिहासाला मान्य नाही. डेक्कन कॉलेज सरकारने १९३४ साली बंद केले. माजी विद्यार्थी कोर्टात गेले, तेव्हा १९३९ मध्ये ते संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले. फर्ग्युसनचे वर्ग मात्र चालूच राहिले.

परंतु दरवाजा उघडा असला तरी शहरात राहावयाचे कसे, हा प्रश्न उरतोच. गोपाळ कृष्ण गोखले शिकत असता त्यांचे वडील बंधू पंधरा रुपये पगारातून आठ रुपये त्यांस पाठवीत आणि वहिनींनी अंगावरचे दागिने मोडले. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे काढली ती हीच अडचण ओळखून. डॉ. आंबेडकर सरकारी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले, पण त्यामागे सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती होती. पुढे १९४६ मध्ये त्यांच्याच संस्थेने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले. कर्मवीर भाऊरावांनी १९४७ साली साताऱ्यास कॉलेज उघडले आणि मुलांस कमवून शिकविले. ही शेवटची दोन्ही खाजगी कॉलेजे होती.

'खाजगी' या शब्दाचा अर्थ पालटला तो १९८३ मध्ये. वसंतदादा पाटलांच्या कारकिर्दीत विनाअनुदानित इंजिनिअरिंग व वैद्यकीय कॉलेजांस परवानगी मिळाली. जागा वाढल्या, खेड्यातील मुलांस इंजिनिअर होता आले, हे नाकारून चालणार नाही. पण भार आता पालकांवर आला, आणि देणगीचा सुळसुळाट इतका झाला की १९८७ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. पुढे २०१५ च्या कायद्याने या कॉलेजांच्या फीवर आणि प्रवेशांवर नियमन आले.

त्या देणगीच्या दिवसांचा धसका आमच्याही मनात बसला होता. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या एका हुशार विद्यार्थ्याच्या वडिलांस आम्ही ठासून सांगितले, "खाजगीचे नाव काढू नका, वर्ष थांबा." मुलगा थांबला. दुसऱ्या वर्षीही सरकारी जागा हुकली, आणि तो वडिलांच्या दुकानी बसला तो कायमचा. तो आम्हांस अजूनही वाकून नमस्कार करतो. त्या वेळी आमची मान खाली जाते.

म्हणून या खेपेस आम्ही सल्ला न देता हिशेब मांडला. शासनाच्या २०२४ च्या निर्णयाप्रमाणे आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गातील, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींस, केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून खाजगी कॉलेजात जागा मिळाली तरी शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क माफ होते. व्यवस्थापनाच्या जागांस आणि अभिमत विद्यापीठांस ही सवलत नाही. सदर मुलगी या अटींत बसत होती. सरकारी कॉलेजात तिला हव्या त्या शाखेची आशा नव्हती. पुण्याच्या खाजगीत होती. दोन्ही ठिकाणी घर सोडून राहावे लागणार होतेच. तिने पुण्याचे नाव वर घातले आणि जागा मिळाली. उरला तो वसतिगृहाचा आणि खाणावळीचा खर्च. म्हणजे गोखल्यांचे आठ रुपये!

आपल्या शिष्यवृत्ती-निधीचा नियम मात्र असा आहे की साहाय्य केवळ सरकारी कॉलेजातील विद्यार्थ्यांस द्यावे. देणगीच्या काळात तो शहाणपणाने केला गेला होता, आणि तो करणाऱ्या समितीत आम्हीही होतो. त्याच नियमावर बोट ठेवून या मुलीचा अर्ज परत आला आहे. 'कॉलेज कोणाचे' याऐवजी 'राहण्याखाण्याचा खर्च घरास झेपतो काय' एवढेच पाहावे, अशी दुरुस्ती आम्ही लेखी दिली असून ती वार्षिक सभेपुढे येईल. मुलीची खाणावळ तूर्त उधारीवर चालू आहे.