सातबारा आणि जॉइन: अनेक टेबलांतली माहिती ग्रिडमध्ये दाखवताना एखादं नाव गायब का होतं?

मोबाईलवर एखादी मोठी यादी उघडली की वर शोधाची चौकट असते, खाली ‘मागील’ आणि ‘पुढील’ अशी बटणं असतात आणि कॉलमच्या नावावर टॅप केलं की क्रम बदलतो. अशा तक्त्याला डेटा ग्रिड म्हणतात. ग्रिडमधली माहिती तीन-चार टेबलांतून येत असेल, तर सर्व्हरवर क्वेरी कशी लिहायची, ते आज आपण पाहणार आहोत. मी हे पुस्तकातून कमी आणि स्वतःच्या चुकीतून जास्त शिकलो, म्हणून आधी ती चूकच सांगतो.

काय झालं होतं?

मी कर्जत तालुक्यातल्या कडावचा. आमच्या भागातल्या शेतकऱ्यांच्या एका मंडळाला भाताचं बियाणं वाटायचं होतं. कुणाला किती, हे क्षेत्रावर ठरणार होतं. यादीचं वेबपेज मी बनवून दिलं. वाटपाच्या दिवशी एका काकूंचं नाव यादीत आलंच नाही. उलट एका काकांचं नाव दोनदा आलं आणि त्यांची जमीनही दुप्पट दिसली. काकू म्हणाल्या, “माझं नाव कुठं गेलं रे?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. डेटाबेसमध्ये दोघांची माहिती अगदी बरोबर होती. चुकला होता तो माझा जॉइन.

सातबारा म्हणजेच जोडलेली दोन टेबलं

जॉइन समजायला सातबारासारखं उदाहरण नाही. गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख: जमीन कुणाची, क्षेत्र किती. गाव नमुना १२ म्हणजे पिकांची नोंद. हे दोन वेगळे नमुने एकाच उताऱ्यावर एकत्र येतात, म्हणून तो ‘सातबारा’. याशिवाय फेरफारांसाठी नमुना ६ आणि एका खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन दाखवणारा ८अ असतो. माहिती वेगवेगळ्या वह्यांत ठेवायची आणि क्रमांकांवरून जुळवायची, ही पद्धत आपल्याकडे संगणकाच्या कितीतरी आधीपासून आहे. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली, तिच्या मुळाशीही हेच आहे: माहिती टेबलांत विभागायची आणि सामाईक कॉलमवरून जोडायची.

माझ्याकडे चार टेबलं होती: गाव, खातेदार, जमीन आणि पीक. (खऱ्या सातबाऱ्यावर एका गटात अनेक खातेदार असू शकतात. इथे सोपेपणासाठी एका गटाला एकच खातेदार धरूया.)

सर्व्हर-साइड कशासाठी?

हजारो ओळी एकदम फोनवर पाठवल्या तर पेज अडकतं. जुलैच्या पावसात रेंज एकेका कांडीवर आली की विचारूच नका. म्हणून शोध, क्रम आणि पानं हे सगळं काम सर्व्हरवर करायचं आणि फोनला फक्त समोरच्या पानाच्या १० ओळी द्यायच्या.

डेटाटेबल्स नावाची लायब्ररी यासाठी खूप वापरली जाते. ती सर्व्हरला ‘स्टार्ट’ (कितव्या ओळीपासून), ‘लेंग्थ’ (किती ओळी), शोधाचा शब्द, क्रम आणि ‘ड्रॉ’ नावाचा विनंतीचा क्रमांक पाठवते. उत्तरात तिला चार गोष्टी लागतात: तोच ‘ड्रॉ’, एकूण ओळी, शोधानंतर उरलेल्या ओळी आणि या पानाचा डेटा. ‘ड्रॉ’मुळे उशिरा आलेलं जुनं उत्तर नव्या उत्तरावर चढत नाही.

आधी एक वाक्य लिहा

क्वेरीला हात लावण्याआधी कागदावर लिहा: “माझ्या ग्रिडमधली एक ओळ म्हणजे एक ___.” मी हे लिहिलं नव्हतं. माझी ओळ म्हणजे एक खातेदार असायला हवी होती, पण क्वेरी मात्र पिकाच्या नोंदी मोजत होती. पुढच्या पहिल्या तीन चुका यातूनच झाल्या.

चूक १: नाव गायब

मी इनर जॉइन वापरला होता. तो दोन्ही टेबलांत जुळणाऱ्या ओळीच ठेवतो. काकूंची जमीन त्या वर्षी पडीक होती, म्हणजे पीक टेबलमध्ये नोंदच नाही. नोंद नाही म्हणून काकूही नाहीत! इथे लेफ्ट जॉइन हवा. त्यात डावीकडचा प्रत्येक खातेदार राहतो आणि पिकाची जागा फक्त रिकामी, म्हणजे ‘नल’, येते.

पण थांबा, इथे एक छुपा खड्डा आहे. लेफ्ट जॉइन करून पुढे ‘व्हेअर’मध्ये “हंगाम उन्हाळी” अशी अट घातली की रिकाम्या ओळी पुन्हा गळतात. काकू परत गायब! सगळे खातेदार ठेवून फक्त उन्हाळी पीक दाखवायचं असेल, तर ती अट जॉइनच्या ‘ऑन’मध्ये लिहा.

चूक २: जमीन दुप्पट

आमच्याकडे ज्यांना राजनाला कालव्याचं पाणी मिळतं, ते पावसाळी भातानंतर उन्हाळी भातही घेतात. त्या काकांच्या एकाच जमिनीला पिकाच्या दोन नोंदी होत्या. जॉइन केल्यावर जमिनीची ओळ दोनदा आली. त्यावर बेरीज केली की २० गुंठ्यांचे ४० गुंठे होतात. ‘डिस्टिंक्ट’ लावून हे नीट सुटत नाही, कारण दोन वेगवेगळ्या जमिनींचं क्षेत्र खरोखरच सारखं असू शकतं. उपाय म्हणजे आधी बेरीज, मग जॉइन. जमिनीच्या टेबलवर खातेदारानुसार ‘ग्रुप बाय’ करून क्षेत्र काढायचं, पिकांची नावं वेगळी एकत्र करायची (मायएसक्यूएलमध्ये ‘ग्रुप कॉनकॅट’, पोस्टग्रेसमध्ये ‘स्ट्रिंग ॲग’) आणि मग दोन्ही खातेदाराला जोडायचं.

चूक ३: पानं आणि मोजणी

जॉइननंतर ‘लिमिट १०’ लावलं की १० खातेदार मिळत नाहीत, १० जोडलेल्या ओळी मिळतात. एकाच माणसाचं एक पीक या पानावर आणि दुसरं पुढच्या पानावर जातं. म्हणून आधी फक्त खातेदारांवर शोध, क्रम आणि लिमिट लावून १० क्रमांक काढा, मग त्या दहांनाच बाकीची माहिती जोडा. एकूण आणि शोधानंतरची मोजणीही खातेदारांचीच करा. पिकावरून शोधायचं असेल, तर ‘एक्झिस्ट्स’ वापरा. म्हणजे नाचणी शोधली तरी त्या शेतकऱ्याचं भात ओळीतून निघून जात नाही.

क्रम लावताना नावानंतर खातेदाराचा आयडीही ठेवा. एकाच नावाचे चार जण असतील आणि क्रम पक्का नसेल, तर एखादा दोन्ही पानांवर दिसतो आणि दुसरा कुठेच नाही.

चूक ४: अर्धी किल्ली

गट क्रमांक ४५ कडावमध्ये असू शकतो, तसाच कशेळ्यातही. सातबारा ऑनलाइन पाहताना आधी जिल्हा, तालुका आणि गाव निवडावं लागतं, ते उगाच नाही. जमीन आणि पीक फक्त गट क्रमांकावर जोडलं, तर एका गावची पिकं दुसऱ्या गावच्या माणसाच्या नावावर चढतात. जॉइन गाव आणि गट क्रमांक या दोन्हींवर करा. जमीन पोटहिश्श्यात असेल तर हिस्सा क्रमांकही घ्या.

आणखी काही गोष्टी

• शोधाचा शब्द क्वेरीत थेट चिकटवू नका, प्रिपेअर्ड स्टेटमेंटमधून द्या.
• क्रमासाठी कॉलमचं नाव असं देता येत नाही. म्हणून परवानगी असलेल्या कॉलमची यादी सर्व्हरवर ठेवा आणि त्यातूनच निवडा.
• ‘लेंग्थ’ -१ आली तर तिचा अर्थ “सगळं द्या” असा होतो. सर्व्हरवर वरची मर्यादा ठेवा.
• जॉइनच्या कॉलमवर इंडेक्स लावा.
• मराठी कीबोर्डवरून कुणी गट क्रमांक देवनागरी अंकांत टाकतो, तर टेबलमध्ये तो इंग्रजी अंकांत असतो. शोधण्याआधी अंक बदलून घ्या.

तपासणी कशी करायची?

ग्रिड तयार झाल्यावर तीन आकडे जुळवा. ग्रिडमधली एकूण संख्या खातेदार टेबलच्या संख्येइतकी आहे का? सगळ्या पानांवरच्या क्षेत्रांची बेरीज जमीन टेबलच्या बेरजेइतकी आहे का? आणि पिकाची एकही नोंद नसलेला एक खातेदार मुद्दाम शोधून पाहा, तो दिसतो का?

काकूंना बियाणं मिळालं, पण दुसऱ्या दिवशी, उरलेल्यातून. त्यासाठी त्यांचा एक दिवस आणि जाण्या-येण्याचं भाडं गेलं. तेव्हापासून हे तीन आकडे जुळल्याशिवाय मी कुठलीच यादी देत नाही. ग्रिड कधी एरर दाखवत नाही, मित्रांनो. चुकलेली यादीही बरोबर यादीसारखीच नीटनेटकी दिसते. रांगेत उभं राहिल्यावर ज्याचं नाव सापडत नाही, त्यालाच ती चूक कळते.